स्वामी होण्याआधीचे गुणे मास्तर
(मैदानावरच्या शिक्षकाचा शोध)

आमच्या भागात साठी ओलांडलेल्या कुणालाही शाळेचं विचारा, दोन शिक्षक हमखास निघतात. एक गणिताचा किंवा इंग्रजीचा, ज्याच्या छडीची आठवण अजून हाताला आहे. दुसरा मैदानावरचा. त्याला कुणी ड्रिल मास्तर म्हणतं, कुणी पीटीचे सर, कुणी नुसतं ‘खेळाचे सर’. पहिल्याबद्दल बोलताना माणसं हसतात. दुसऱ्याबद्दल बोलताना बसल्या जागी ताठ होतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

हा दुसरा माणूस आला कुठून? गुरुजी, पंतोजी, मास्तर यांचा इतिहास मराठीत पुष्कळ लिहिला गेला. गळ्यात शिट्टी अडकवून, फक्कीनं खो-खोचं मैदान आखणाऱ्या या माणसाचा मात्र फारसा कुणी लिहिला नाही. मी काही विद्यापीठातला अभ्यासक नाही. मोडनिंबसारख्या गावी राहून, मिळतील ती जुनी पुस्तकं आणि अहवाल वाचत, निवृत्त शिक्षकांशी बोलत जे हाती लागलं, ते इथे मांडतो आहे. हा माग काढत गेलो तो अखेर लोणावळ्याला जाऊन पोहोचला, आणि तोही एका योग्याच्या दारी. स्वामी कुवलयानंद हे नाव योगाच्या इतिहासात मोठं आहे. मला त्यांच्यात सापडला तो एक शिक्षक, जगन्नाथ गणेश गुणे. या लेखापुरतं मी त्यांना गुणे मास्तरच म्हणणार आहे.

तालीम आणि कवायत

गुणे मास्तरांच्या आधी शरीर कमावण्याचे दोन वेगळे रस्ते होते. एक तालमीचा. लाल माती, वस्ताद, जोर-बैठका, जोडी-करेल, मल्लखांब. हा रस्ता फार जुना. आमच्या सोलापूर जिल्ह्यात आजही जत्रेत कुस्त्यांचा फड लागतो आणि शेवटच्या कुस्तीला माणूस माणसावर चढून बघतो. पण तालमीचं गणित वेगळं असतं. वस्तादाची नजर चांगल्या हाडापेराच्या पोरावर असते. शंभरातून दहा निवडायचे, दहातून एक घडवायचा. बाकीचे नव्वद प्रेक्षक. शिवाय खुराक कुणाच्या घरी परवडतो, कुठल्या तालमीत कुणाला प्रवेश आहे, हे प्रश्न त्या काळी लहान नव्हते.

दुसरा रस्ता इंग्रजांच्या शाळेतला, कवायतीचा. पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार शाळेत यायचा आणि मुलांना ओळीत उभं करून इंग्रजी हुकमांवर हात-पाय हलवायला लावायचा. ही कवायत सगळ्यांसाठी होती हे खरं, पण तिच्यात खेळ नव्हता आणि शिकवणंही फारसं नव्हतं. त्या हवालदाराला शाळेत मानही बेताचाच. संस्कृतच्या शास्त्रीबुवांच्या शेजारी त्याची खुर्ची नसायची.

तालमीत शिकवण होती, पण ती मोजक्यांसाठी. कवायत सर्वांसाठी होती, पण तिच्यात शिकवण नव्हती. मैदानावरचा शिक्षक घडला तो हे दोन रस्ते एकत्र आल्यावर. ते एकत्र आणणाऱ्या काही माणसांत गुणे मास्तरांची जागा वरची आहे.

बडोद्याची माती

जगन्नाथ गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, बडोदे संस्थानातल्या डभोईचा. घरची परिस्थिती ओढगस्तीची, आई-वडिलांचं छत्र लवकर हरपलेलं. पण मुलगा हुशार. १९०३ मध्ये मॅट्रिकला त्यांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळाली. त्या काळी ही शिष्यवृत्ती मिळवणाऱ्याचं नाव घरोघर घेतलं जाई. असा मुलगा सरळ वकिलीकडे किंवा सरकारी नोकरीकडे जायचा. गुणे बडोदा कॉलेजात गेले आणि शिकता शिकता आखाड्याकडे वळले.

बडोद्यात तेव्हा राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांचं जुम्मादादा व्यायाम मंदिर होतं. माणिकरावांनी संस्थेला नाव दिलं ते आपल्या उस्तादांचं, जुम्मादादांचं. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात व्यायामाला राजाश्रय होता आणि माणिकराव हे नुसते पहिलवान नव्हते. देशी व्यायामाची शिस्तशीर पद्धत लावावी, ती समूहाला शिकवता यावी, असा त्यांचा प्रयत्न होता. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं गुणे त्यांच्या हाताखाली शिकले. संस्कृतचा स्कॉलर सकाळी मातीत आणि दुपारी कॉलेजात. पुढच्या सगळ्या कामाचं बी याच तीन वर्षांत पडलं. पुस्तक आणि माती या दोन जाती नाहीत, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. ते त्यांनी अंगावर घेतलं होतं.

लोकमान्य टिळक आणि अरविंद घोष यांच्या विचारांनी भारावलेली ही पिढी. गुणे यांनी लग्न न करण्याचं व्रत घेतलं आणि आयुष्य देशकार्याला द्यायचं ठरवलं. देशकार्य म्हणजे नक्की काय करायचं, हा प्रश्न त्या वेळी अनेकांपुढे होता. कुणी बाँब निवडला, कुणी वर्तमानपत्र. गुण्यांनी शाळा निवडली.

अमळनेर

ते खानदेशात अमळनेरला आले. तिथल्या खानदेश एज्युकेशन सोसायटीत १९१६ ते १९२३ या काळात त्यांनी शाळेच्या आणि कॉलेजच्या मुलांना भारतीय संस्कृती हा विषय शिकवला. पुढे संस्थेच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. अमळनेर तेव्हा लहानसं गाव, पण प्रतापशेठांच्या औदार्यामुळे तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलेलं, शाळा नावारूपाला आलेली.

कल्पना करा, माणिकरावांच्या आखाड्यातून आलेला, संस्कृत मुखोद्गत असलेला, ब्रह्मचारी, तिशीतला मास्तर. मुलं अशा माणसामागे जातात. असहकाराच्या दिवसांत राष्ट्रीय शिक्षणाची हवा होती, सरकारला ती मानवणारी नव्हती. १९२३ मध्ये ते राष्ट्रीय महाविद्यालय सरकारी रोषामुळे बंद पडलं. चाळिशीच्या उंबऱ्यावर गुणे मास्तरांच्या हातातली शाळा गेली.

इथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये एक नवे शिक्षक रुजू झाले, पांडुरंग सदाशिव साने. १९३० पर्यंत साने गुरुजी तिथे होते, छात्रालयात मुलांची आई होऊन राहिले. आमच्या मोडनिंबहून जवळच असलेल्या पंढरपुरात १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून याच साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केलं. एकाच गावातून वर्षाच्या अंतरानं एक मास्तर गेला आणि एक आला. एकानं मुलांचं मन हातात घेतलं, दुसऱ्यानं शरीर. मराठी माणसानं पहिल्याला हृदयात ठेवलं आणि दुसऱ्याच्या शिक्षकपणावर पडदा पडला.

शिष्यांवर नव्हे, शिष्यांसह

शिक्षक असतानाच, १९१९ च्या सुमारास, गुणे मास्तरांची नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींशी गाठ पडली. माधवदासजी मूळचे बंगाली, वयोवृद्ध योगी. त्यांच्याकडे गुणे योग शिकले. इथवरची कथा आपल्याकडे शेकडो साधकांची आहे. पुढची मात्र त्यांची एकट्याची आहे.

योगक्रियांनी शरीरात काय होतं, हे त्यांना तपासून पाहायचं होतं. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या सरकारी इस्पितळातल्या प्रयोगशाळेत, आपल्या काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, त्यांनी तसे प्रयोग केले. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या आत काय बदल होतात, दाब किती कमी होतो, हे यंत्रं लावून, क्ष-किरणांनी पाहिलं. नौलीच्या वेळी आतड्यात निर्माण होणाऱ्या निर्वात स्थितीला त्यांनी पुढे गुरूचं नाव दिलं, माधवदास निर्वात.

योगाचे इतिहासकार या प्रयोगांना विज्ञानाच्या अंगानं महत्त्व देतात आणि ते योग्यच आहे. मला त्यात मास्तर दिसतो. गुरूनं सांगितलं म्हणून खरं, हे तालमीचं आणि मठाचं दोन्हीकडचं सूत्र. गुणे मास्तरांनी ते मोडलं, आणि गुरूविषयी अनादर न दाखवता मोडलं. मुलांना जे शिकवायचं त्याची खात्री आधी आपण करायची, हा वर्गातल्या शिक्षकाचा धर्म आहे. फळ्यावर गणित मांडण्याआधी घरी सोडवून पाहणाऱ्या मास्तराची ही सवय आहे.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभं राहिलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघालं. गुणे आता स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले जाऊ लागले. गांधीजींनी १९२७ मध्ये आपल्या प्रकृतीबद्दल त्यांच्याशी पत्रव्यवहार केला. बहुतेक चरित्रं इथून पुढे आश्रम, प्रयोगशाळा आणि मोठी माणसं यांच्याकडे वळतात. आपण पुन्हा शाळेकडे वळू, कारण स्वामीही वळले.

पुन्हा शाळेकडे

योग ही एकट्यानं, एकांतात, गुरूच्या नजरेखाली करायची गोष्ट. ती पन्नास मुलांच्या वर्गाला पीटीच्या तासात कशी शिकवायची? ‘यौगिक संघ व्यायाम’ या १९३६ च्या पुस्तकात कुवलयानंदांनी याचं उत्तर दिलं. आसनं आणि सोप्या हालचाली त्यांनी हुकमांवर, मोजणीवर, ओळींत उभं राहून करता येतील अशा बसवल्या. इथे माणिकरावांची तीन वर्षं कामाला आली. कवायतीची शिस्त, तालमीचं अंगमेहनतीचं शहाणपण आणि योगाची क्रिया एका तासिकेत आली.

यावर कुणी म्हणेल, योगाचं हे कवायतीकरण झालं. आक्षेपात तथ्य आहे. हुकमावर केलेली शीर्षासनाची कवायत म्हणजे योग नव्हे, हे स्वामींना इतर कुणाहून अधिक ठाऊक होतं. पण त्यांच्यापुढे प्रश्न मोक्षाचा नव्हता. शाळेत येणाऱ्या शेवटच्या, हडकुळ्या, कुठल्याही वस्तादानं न निवडलेल्या पोराच्या छातीत वारा कसा भरायचा, हा होता. तालीम ज्या नव्वदांना प्रेक्षक करते, त्यांना मैदानात आणायचं होतं.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार आलं. सरकारनं शारीरिक शिक्षणाचा विचार करायला समिती नेमली आणि अध्यक्ष केलं स्वामी कुवलयानंदांना. या समितीच्या शिफारशींनंतर १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तिचे पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ, जे पुढे १९५७ साली ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई महाविद्यालयाचेही पहिले प्राचार्य झाले. समितीचा अध्यक्ष संन्यस्त वृत्तीचा योगी आणि संस्थेचा प्राचार्य ख्रिस्ती शिक्षणतज्ज्ञ, यात त्या वेळी कुणाला काही वावगं वाटलं नाही.

कांदिवलीचं महत्त्व एका वाक्यात सांगायचं तर, तिनं ड्रिल मास्तरला शिक्षक केलं. आता त्याच्याकडे प्रमाणपत्र होतं. त्याला शरीरशास्त्र माहीत होतं, खेळांचे नियम माहीत होते, कुठल्या वयाच्या मुलाला किती ताण द्यायचा हे त्याला शिकवलं होतं. शास्त्रीबुवांच्या शेजारी त्याची खुर्ची लागली.

हे काम एकट्या स्वामींचं नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं होतं. त्यांच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ सुरू केलं. डेक्कन जिमखान्यानं खो-खोला नियमांत बसवलं. मद्रासला हॅरी बक यांनी १९२० मध्येच वाय.एम.सी.ए.चं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं होतं. पण सरकारी शाळेच्या वेळापत्रकात हा माणूस बसवण्याच्या कामात, आमच्या प्रांतापुरता, गुणे मास्तरांचा हात मोठा होता.

मोडनिंबपर्यंत

मुंबईत झालेला निर्णय माढा तालुक्यात कसा पोहोचतो? मोडनिंब आज पुणे-सोलापूर महामार्गावर आहे आणि बाहेरच्यांना ते संगीत बारीच्या थिएटरांमुळे माहीत असतं. पूर्वी जगाशी जोडणारा धागा बार्शी लाइट रेल्वेचा होता. अडीच फुटी रुळांची ही लहान गाडी १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत आली आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यानं मोठ्या गाडीतून कुर्डुवाडीला उतरायचं आणि लहान गाडीत बसायचं. वारकरी तिनं आले, व्यापारी आले आणि स्वातंत्र्यानंतर शाळा वाढू लागल्या तसे शिक्षकही आले.

आमच्या भागातल्या निवृत्त शिक्षकांशी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांशी मी बोलत आलो आहे. त्यांच्या आठवणी जुळवल्या तर एक चित्र सारखं समोर येतं. शाळा सुटल्यावर मैदानातले खडे मुलांकडून वेचून घेणारा शिक्षक. तालुक्याच्या स्पर्धेला निघालेला अनवाणी संघ आणि एस.टी.ची तिकिटं स्वतःच्या खिशातून काढणारे सर. शेतात राबतो म्हणून शाळा सोडू पाहणाऱ्या मुलाच्या घरी संध्याकाळी जाऊन, ‘पोरगं पळतं चांगलं, दहावीपर्यंत राहू द्या’ असं बापाला विनवणारा माणूस. त्यातली किती मुलं राज्य पातळीवर गेली, हा प्रश्न मी सुरुवातीला सगळ्यांना विचारायचो. उत्तरं त्रोटक यायची. मग किती मुलं शाळेत टिकली, असं विचारू लागलो, तेव्हा माणसं भरभरून बोलू लागली.

याच सुमारास आणखी एक प्रवाह आला. १९५४ मध्ये आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले यांनी निर्वासितांच्या मुलांसाठी दिल्लीत राष्ट्रीय अनुशासन योजना सुरू केली. भोसले मूळचे सावंतवाडीकडचे. योजनेचे प्रशिक्षक देशभरच्या शाळांत गेले. ‘एन.डी.एस.चे सर’ म्हणून जुनी माणसं त्यांना ओळखतात. पुढे कुंझरू समितीच्या शिफारशींनुसार या योजनेचं रूपांतर १९६५ मध्ये राष्ट्रीय शरीरस्वास्थ्य दलात झालं आणि नंतर हे शिक्षक राज्यांकडे वर्ग झाले. संचलन, शिस्त, राष्ट्रभक्ती यांवर या योजनेचा भर होता. गुणे मास्तरांचा भर प्रत्येक शरीरावर होता. चांगल्या मास्तरनं दोन्हींचा मेळ घातला. साध्या मास्तरच्या हाती नुसती शिट्टी राहिली.

रिकामं मैदान

हा इतिहास सांगण्याचं कारण नुसतं स्मरण नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं प्रत्येक शाळेला मैदान आवश्यक ठरवलं, ही चांगली गोष्ट झाली. पण त्याच कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या शाळेसाठी, तीही शंभरावर पट असेल तर, आरोग्य व शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक सांगितला आहे. अंशकालीन. भाषेच्या शिक्षकासारखा पूर्णवेळ नव्हे. १९३८ मध्ये शास्त्रीबुवांच्या शेजारी लागलेली खुर्ची सत्तर वर्षांनी पुन्हा दाराशी सरकवली गेली. खेड्यातल्या शंभराच्या आतल्या शाळेत तर तेवढाही माणूस कायद्यानं आवश्यक नाही.

याचा परिणाम महामार्गाच्या कडेला दिसतो. पहाटे चार-पाचला मुलं-मुली डांबरी रस्त्यावर पळत असतात, पोलीस भरतीसाठी. भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक असते. अठरा-वीस वर्षांची ही मुलं गोळा हातात पहिल्यांदा धरतात ती अकॅडमीत, महिन्याची फी भरून. बाराव्या वर्षी जे शाळेच्या मैदानावर फुकट शिकायचं, ते विसाव्या वर्षी बापानं शेळी विकून शिकायचं. ज्याच्या बापाकडे शेळी नाही तो पुन्हा प्रेक्षकांत. तालमीचं जुनं गणित नव्या नावानं परत आलं आहे. निवड आधी, शिकवण नंतर.

दुसरीकडे, २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला शाळाशाळांत मुलं ओळीत बसून आसनं करतात. हुकूम, मोजणी, ओळी. कुवलयानंदांची संघ व्यायामाची कल्पना देशभर पोहोचली. मात्र त्यांच्या लेखी ती रोजच्या तासिकेची होती आणि ती घेणारा माणूस त्या कामासाठी शिकलेला, पूर्णवेळ शाळेत असणारा होता. २२ जूनला मैदानावर कोण असतं, हा खरा प्रश्न आहे.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंद गेले. त्यांची प्रयोगशाळा आणि त्यांचं नियतकालिक आजही चालू आहे. त्यांच्या कामाचा हा अर्धा भाग संस्थेनं जपला. उरलेला अर्धा जपायचं काम कुठल्या एका संस्थेचं नव्हतंच. तो प्रांतभरच्या शाळांत, बिनकागदाचा, माणसांच्या रूपानं वाटला गेला होता. ती माणसं एकेक करून निवृत्त झाली, काही गेली. त्यांच्याबरोबर शाळांतली हजेरीपत्रकं, स्पर्धांच्या नोंदी, संघांचे पिवळे पडलेले फोटो रद्दीत चालले आहेत. ज्या गावात असा एखादा सर अजून हयात असेल, तिथल्या शाळेनं त्याच्याकडे एक वही आणि दोन मुलं पाठवावीत. नावं, सालं, कोण किती पळालं आणि कोण कुणामुळे शाळेत राहिलं, एवढं उतरवून घेतलं तरी पुष्कळ होईल. पुढे कुणी हा इतिहास नीट लिहायला बसला, तर त्याला निदान मोडनिंबपासून सुरुवात करता यावी.